‘फितूर’ या शब्दाची मर्यादा : सूरजमल जाट व राक्षसभुवन

पानिपतविषयक मराठी लेखनात सूरजमल जाट येतो तो सल्लागार म्हणून आणि जातो तो साथ सोडणारा म्हणून. जड सामान व बायकामुले मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे असे त्याने सुचविले. भाऊसाहेबांनी ते मानले नाही. १७६० च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आल्यानंतर तो स्वमुलखी परतला. एवढ्यात त्याचे चरित्र आटोपते. ‘भाऊसाहेबांची बखर’ या बाबतीत उदार आहे. कुंभेरीच्या वेढ्यात (१७५४) खंडेराव होळकर पडल्यावर जाटाच्या राणीने जयाप्पा शिंद्यांकडे पतीची पगडी पाठविली, हा प्रसंग तिने मन लावून रंगविला आहे. तथापि तेथेही जाटाला महत्त्व येते ते शिंदे-होळकरांच्या वैराचे एक निमित्त म्हणून.

वस्तुतः जाटांचा इतिहास मराठ्यांच्या उत्तरेतील आगमनापूर्वीचा आहे. १६६९ मध्ये तिलपतच्या गोकुळाने मथुरेच्या फौजदाराविरुद्ध शेतकऱ्यांना उभे केले, आणि पुढल्याच वर्षी आग्र्यास त्याला ठार करण्यात आले. १६८८ मध्ये राजारामाने सिकंद्र्याची अकबराची कबर लुटली. चूडामणीने लुटीचे सत्तेत रूपांतर करण्याचा यत्न केला. त्याच्यामागून १७२२ मध्ये थूणचा किल्ला पडला, आणि बदनसिंगाने सवाई जयसिंगाच्या आश्रयाने राज्याची घडी बसविली. हा आश्रय अनेक लेखकांना अवघड वाटतो. बंडखोराने दुसऱ्याच्या छायेत उभे राहावे हे त्यांना रुचत नाही. पण भरतपूर, डीग व कुंभेरी येथील मातीचे कोट याच काळात व त्यानंतर उभे राहिले. त्यांमागे भाऊबंदांची गावे होती, आणि ती कोणाच्या सनदेने मिळालेली नव्हती. सूरजमलाने दिल्लीहून परतताना जे राखले, ते हेच.

हाच शब्द गोदाकाठी लावून पाहण्यासारखा आहे. शाहू छत्रपतींचा सरलष्कर सुलतानजी निंबाळकर पालखेडच्या मोहिमेच्या सुमारास (१७२७-२८) निजामाकडे गेला. बीडशी त्याचे नाव जोडले गेले ते जहागीरदार म्हणून. पुढे १७६३ मध्ये जानोजी भोसले, मिरज गमावलेले गोपाळराव पटवर्धन व पदच्युत झालेले प्रतिनिधी असे तिघेही निजामअलीच्या बाजूस होते, आणि पुणे त्यांच्या संगतीने लुटले गेले. दहा ऑगस्ट रोजी आजच्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, तो जानोजीने निजामाची साथ आधीच सोडल्यावर. या मंडळींना इतिहासकारांनी फितूर म्हटले नाही असे नव्हे. परंतु घरच्या कलहाचे कारण पुढे करून त्यांना लवकर क्षमा केली. माधवरावांनी गोपाळरावांना मिरज परत दिले, त्याबरोबर लेखणीनेही त्यांचा अपराध परत घेतला. सूरजमलाला असे कारण कोणी दिले नाही. पानिपतानंतर आलेल्या लोकांना त्याने अन्नवस्त्र दिले, आणि जखमी समशेरबहाद्दर डीगेसच वारला. तरी हिशेब फिटला नाही.

दोन्ही ठिकाणी एकच माप लावले जात नाही, हा दोष आहेच. त्याहून मोठा दोष असा की मापच चुकीचे आहे. फितुरीसाठी आधी चाकरी हवी. निंबाळकर, पटवर्धन, प्रतिनिधी यांची सत्ता सरंजामावर उभी होती. धनी बदलणे किंवा सरंजाम गमावणे, एवढाच पर्याय त्यांना उरे. म्हणूनच बीडच्या परिसरात बंडे झाली, पक्ष बदलले, पण भरतपूर निर्माण झाले नाही. जाट कोणाचा चाकर नव्हता. तो भाऊसाहेबांच्या छावणीत मित्र म्हणून आला होता, आणि मित्राला निघून जाण्याचा अधिकार असतो, मग तो निर्णय कितीही महागात पडो. राक्षसभुवनच्या लढाईनंतर साडेचार महिन्यांतच, २५ डिसेंबर १७६३ रोजी, नजीबखानाच्या फौजेशी लढताना तो मारला गेला. मराठी लेखनात या मृत्यूची दखल क्वचितच घेतलेली आढळते.

महादजी शिंदे यांचे या दोन्ही भूमींशी नाते होते. १७८७-८८ च्या पडत्या काळात भरतपूरचा रणजितसिंग जाट त्यांच्या पाठीशी उभा राहिला, आणि बीडच्या मन्सूरशहांना ते गुरू मानीत, अशी परंपरा आहे. बीडचे खंडोबाचे देऊळ कोणी बांधले याविषयी तेथील लोक दोन नावे सांगतात : निजामाकडे गेलेला सुलतानजी, आणि दुसरे महादजी.