बहुमताने ठरलेला खुनी

तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तराने विनोदी खूननाट्यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण आम्ही जन्मभर वर्गात एकच प्रश्न घोळवला: एखादी गोष्ट खरी, हे ठरतं कशावरून? आणि त्या प्रश्नात आमचीच परीक्षा घेतली ती या नाटकाने.

नाटक रूपर्ट होम्स यांचं, 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड'. १९८५ साली ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये झालं, त्याच वर्षी ब्रॉडवेवर गेलं, आणि १९८६ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला. संहिता, गीतं, चाली, सगळं एकट्या होम्स यांचं.

मूळ कादंबरी चार्ल्स डिकन्सची. बारा मासिक भागांचा बेत होता. सहा भागांपुरता मजकूर झाला आणि ९ जून १८७० रोजी डिकन्स गेले. गोष्ट अशी: चर्चमधला गायनप्रमुख जॉन जॅस्पर अफूबाज आहे. भाचा एडविन ड्रूड याची वाग्दत्त वधू रोझा, तिच्यावर या मामाचा जीव जडलेला. नाताळच्या आदल्या रात्री वादळ होतं आणि ड्रूड नाहीसा होतो. खून झाला का? कोणी केला? पुढची पानंच नाहीत.

होम्स यांनी ही पानं भरून काढली नाहीत. त्यांनी व्हिक्टोरियाकालीन म्युझिक हॉलमधली एक नटमंडळी उभी केली. ती ही गोष्ट रंगवते, मध्येच प्रेक्षकांशी थट्टामस्करी करते. आणि डिकन्सची लेखणी थांबली तिथे सूत्रधार नाटक थांबवतो आणि म्हणतो, आता तुम्हीच ठरवा. वेषांतर केलेला गुप्तहेर कोण, खुनी कोण, शेवटी प्रेमात कोण पडणार, सगळं मतावर! प्रत्येक संशयिताचं कबुलीचं गाणं तयारच असतं.

आम्ही हे नाटक परदेशात एका विद्यापीठात विद्यार्थ्यांनी केलेलं पाहिलं. मतदानाची वेळ आली आणि आम्ही हात वर केला तो पाद्रीबुवांसाठी. पुरावा काय? काही नाही. तो पोरगा फार छान हसवत होता, एवढंच. चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला हात तो! बहुमतही आमच्याच बाजूने पडलं. पोराने गुन्हा कबूल केला, कारण सांगितलं, आणि ते कारण आम्हाला पटलंसुद्धा.

आता बघा, गंमत कुठे आहे. कबुली झाल्यावर ड्रूड जिवंत परत येतो. म्हणजे खुनी सापडला, त्याने कबूल केलं, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पण खून झालेलाच नव्हता! आमच्या मते नाटकाचं खरं बळ या जागेत आहे. मत देऊन निवड होते. घटना घडली की नाही, हे मताने ठरत नाही. आणि एकदा निर्णय झाला की कारणं मागाहून, तालासुरात, हजर होतात.

नाटकात एक उणीव आहे, तीही सांगायला हवी. डिकन्सचे मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर यांनी लिहून ठेवलंय की कथेत मामाच भाच्याचा खून करणार होता. नाटकातही जॅस्पर आधी कबुली देतो, पण ती पुरी पडत नाही. खुनी दुसराच निघावा लागतो, कारण जॅस्पर सगळ्यांना आधीपासून ठाऊक. इथे काहीतरी हरवतं. दिवसा प्रार्थना गाणारा आणि रात्री अफूच्या धुरात बुडणारा तो दुभंगलेला माणूस डिकन्सच्या कादंबरीचा गाभा आहे. मतदानाच्या धमालीत त्याची भीती विरून जाते.

याच जॅस्परवर १९१४ मध्ये लंडनला डिकन्सप्रेमींनी लुटुपुटूचा खटला चालवला होता. न्यायाधीश चेस्टरटन, पंचांचे प्रमुख बर्नार्ड शॉ. पंचांनी खून नव्हे, सदोष मनुष्यवध असा मधला निकाल दिला. चेस्टरटन यांनी स्वतःला वगळून हजर असलेल्या सगळ्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड ठोठावला!

आम्हाला वाटतं, त्या रात्री आमच्याकडूनही थोडा दंड घ्यायला हवा होता. नाटकात चूक झाली तर ड्रूड परत येतो. बाहेर, एखाद्याला चार लोकांनी मिळून दोषी ठरवलं की तो असा हसत परत येईलच असं नाही. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी हात वर करण्याआधी स्वतःला एवढंच विचारू या, की आपण पुरावा पाहिला, की नुसता नट?