फिजीतील नारळीचा भुंगेरा : टेलर यांच्या मीमांसेचे परीक्षण

जैविक कीडनियंत्रणाच्या वाङ्‌मयात टी. एच. सी. टेलर यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या फिजीविषयक ग्रंथाचा उल्लेख बहुधा एका यशाचा दाखला म्हणून होतो. जावातून १९३३ साली 'प्ल्यूरोट्रोपिस पार्व्हुलस' (आजचे नाव पेडिओबियस) हा परोपजीवी कीटक आणला आणि नारळीची पाने पोखरणारा 'प्रोमेकोथेका' भुंगेरा आटोक्यात आला, एवढेच सांगून बहुतेक लेखक पुढे जातात. ग्रंथाचे खरे मोल मात्र ह्या यशात नसून त्याच्या आधीच्या कारणमीमांसेत आहे, आणि वादाचे स्थळही तेच होय.

कोकणातील वाचकाला परिचित असलेला गेंड्या भुंगा माडाचा कोंब पोखरतो. प्रोमेकोथेकाची अळी पात्याच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहते व तेथेच कोषात जाते. प्रौढ तेवढा बाहेर वावरतो. ह्या भेदावरच टेलर यांची सारी उपपत्ती उभी आहे. फिजीत हा भुंगेरा मूळचाच असून स्थानिक परोपजीवी त्यास एरवी आवरीत असत. पुढे 'पेडिक्युलॉइडीस' नावाचा सूक्ष्म कोळी बेटांवर शिरला. त्याने पात्यातील अळ्या व कोष यांचा फडशा पाडला. अंडी आणि प्रौढ तेवढे बचावले. परिणामी सर्व भुंगेरे एकाच वेळी एकाच अवस्थेत येऊ लागले. भक्ष्य संपताच कोळी नाहीसा झाला. स्थानिक परोपजीवींचे आयुष्य यजमानाच्या पिढीहून अल्प. योग्य अवस्थेतील यजमान न मिळाल्याने तेही लोपले. भुंगेरा तेवढा उरला. शत्रूच्या अतिपराक्रमानेच किडीला मोकळे रान मिळावे, हा निष्कर्ष तत्कालीन समजुतीला धक्का देणारा होता.

ह्या निदानावरून टेलर यांनी हव्या असलेल्या परोपजीवीचे गुण आधी ठरविले व मग शोध घेतला. अळ्या आणि कोष ह्या दोहोंवर जगू शकणारा प्ल्यूरोट्रोपिस त्या कसोटीस उतरला. हाती लागेल तो शत्रू सोडून पाहण्याच्या पद्धतीहून ही रीत निःसंशय श्रेष्ठ आहे.

तथापि येथे एक तार्किक फट राहते. परोपजीवी यशस्वी झाला, यावरून तो समर्थ होता इतकेच सिद्ध होते. एकावस्थेची स्थिती नसती तर तो अयशस्वी ठरला असता, हे सिद्ध होत नाही. औषध लागू पडले म्हणजे निदान बरोबरच, असे वैद्यकातही कोणी मानीत नाही. ग्रंथाचे अनेक चाहते हा भेद पुसून टाकतात. क्षेत्रनिरीक्षणांचा प्रचंड साठा हा टेलर यांच्या निदानाचा खरा आधार आहे, आणि त्याची तपासणीही त्याच पातळीवर व्हावयास हवी.

श्रीलंकेत १९७० साली 'प्रोमेकोथेका कमिंगाय' ही त्याच कुळातील दुसरी जाती आढळली. ती बाहेरून आलेली असल्याने स्थानिक समतोल ढळल्याचे कारण तेथे शोधावे लागत नाही. तरीही सिंगापूरहून आणलेल्या 'डिमॉकिया जावानिका' ह्या परोपजीवीने तिला आवर घातला. फिजीची कारणपरंपरा म्हणूनच फिजीपुरतीच धरावी लागते. परोपजीवीची निवड यजमानाच्या जीवनक्रमावरून करण्याची टेलर यांची रीत तिच्याहून अधिक दूरवर जाते.