आधी नदी, मग डोंगर

ॲन्सेल ॲडम्स यांच्या ‘द टीटन्स अँड द स्नेक रिव्हर’ या छायाचित्राच्या नावात डोंगर आधी आहे, पण मनात भरते ती नदी. गडद झाडीतून चकाकत ती ऐसपैस वळण घेते, मग उलट वळते आणि आपल्याला सावकाश डोंगराच्या पायथ्याशी नेते. शिखरांवर नजर पोचते तेव्हा मधलं सगळं अंतर आपण चालून आलेलो असतो.

अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने राष्ट्रीय उद्यानांची छायाचित्रं काढायचं काम ॲडम्स यांना दिलं होतं. त्यातलंच हे, वायोमिंग राज्यातलं, १९४२ सालचं. ढगांमागून येणारा उजेड वर ढगांच्या कडांवर आणि खाली पाण्यावर सांडलाय. मधे डोंगर सावळेच राहिलेत. घळींत अडकलेल्या बर्फाच्या रेघांवरून कातळाची घडण उमगते. रंग नाही, पण राखाडीच्या किती छटा! फ्रेड आर्चर यांच्यासोबत ॲडम्स यांनी ‘झोन सिस्टीम’ बसवली ती याचसाठी. दृश्यातला कोणता भाग कागदावर किती गडद, किती उजळ उतरवायचा, हे शटर दाबण्याआधीच ठरवायचं आणि त्या हिशेबाने निगेटिव्ह धुवायची.

टीटन डोंगरांना पायथ्याच्या टेकड्या नाहीत. भूकवचातल्या भेगेच्या एका बाजूचा खडक वर सरकला, दुसरीकडचं खोरं खचलं. त्यामुळे ४,१९९ मीटर उंचीचं ग्रँड टीटन शिखर सपाटीवरून सुमारे २,१०० मीटर सरळ उठतं. नुसता डोंगर टिपला असता तर नाटकाच्या पडद्यासारखा चपटा दिसला असता. त्याला खोली दिली ती नदीच्या वळणाने.

गंमत अशी, की १९२९ साली झालेल्या ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात फक्त शिखरं आणि पायथ्याची तळी होती. नदीकाठचं खोरं त्यात यायला १९५० साल उजाडलं. डोंगर आणि नदी वेगळे काढता येत नाहीत, हे ॲडम्स यांच्या चौकटीने आठ वर्षं आधीच दाखवून दिलं होतं.

आज तिथली झाडं वाढलीत, नदीचं ते वळण बरंचसं झाकलं गेलंय. तेव्हा तिथे गेलात तर तोच फोटो काढायचा हट्ट धरू नका. कुठल्याही डोंगरासमोर कॅमेरा उचलण्याआधी, पाहणाऱ्याची नजर तिथवर कोणत्या वाटेने जाईल, ती वाट तेवढी शोधा.