गळ आणि घड्याळ

पडद्यावरील खेळाचे परीक्षण अकादमीच्या पत्रिकेत करावे काय, असा प्रश्न आमचे काही सन्मान्य सभासद विचारतील. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, ज्या कृतीत काळाची बुद्धिपुरस्सर रचना केलेली असते आणि त्या रचनेमुळे अनुभवणाऱ्याच्या चित्तवृत्तीत पालट घडतो, ती कृती परीक्षणास पात्र होय. मग ती छापील असो, रंगभूमीवरील असो वा पडद्यावरील. 'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' हा निन्टेंडो या क्योतो येथील कंपनीचा खेळ २० मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाला. घरातील मुलांच्या आग्रहावरून आम्ही तो हाती घेतला आणि त्यातील एका लहानशा अंगाने, म्हणजे दुर्मिळ मासे धरण्याच्या व्यवहाराने, आम्हांस विचारात पाडले.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. खेळणाऱ्यास एक ओसाड बेट मिळते. तेथे घर बांधावे, झाडे लावावीत, माणसांप्रमाणे बोलणाऱ्या प्राण्यांशी शेजारधर्म राखावा, एवढाच उद्योग. शत्रू नाही आणि पराभवही नाही. परंतु या बेटावरील काळ हा खेळाचा काळ नव्हे, आपला काळ आहे. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजले की तेथेही नऊच वाजतात. आपला मार्च तोच त्यांचा मार्च. बेट उत्तर गोलार्धात असावे की दक्षिण, एवढे मात्र आरंभी ठरवावे लागते आणि त्यानुसार ऋतू सहा महिन्यांनी मागेपुढे होतात. माशांच्या एकूण ८० जाती आहेत. त्यांतील कित्येक ठराविक महिन्यांत, ठराविक प्रहरी आणि ठराविक पाण्यातच सापडतात. उत्तर गोलार्धातील बेटावर सॅमन केवळ सप्टेंबरात नदीच्या मुखाशी मिळतो. मोठा पांढरा शार्क जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच समुद्रात फिरकतो. सीलकँथ हा प्राचीन मासा पाऊस पडत असतानाच गळास लागतो. स्ट्रिंगफिश नावाचा मोठा मासा डिसेंबर ते मार्च या काळात, दुपारी चार ते सकाळी नऊ या वेळेत, कड्यावरून वाहणाऱ्या नदीतच आढळतो.

ऋतुवर्णन ही आपल्या वाङ्मयाची जुनी आवड आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'पासून दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'पर्यंत (१९५६) ती अखंड दिसते. जपानी हायकूच्या परंपरेतही ऋतुसूचक शब्दाची अपेक्षा असते. तथापि ग्रंथातील ऋतू वाचकाच्या अधीन असतो. वैशाखाच्या उन्हात बसून आषाढाचे प्रकरण उघडण्यास कोणाची आडकाठी नाही. या खेळात तशी सोय नाही. येथे ऋतू वर्णिलेला नाही, पाळलेला आहे. जे पान आज उघडत नाही, ते त्याच्या महिन्यावाचून उघडणार नाही. वाङ्मयास न साधणारी ही गोष्ट या कृतीने साधली आहे आणि तिचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

गेल्या ३१ मार्चची सायंकाळ आम्हांस आठवते. स्ट्रिंगफिश तोवर मिळाला नव्हता. मध्यरात्र उलटली की तो थेट १ डिसेंबरला, म्हणजे आठ महिन्यांनी, भेटणार होता. पाण्यात मोठी सावली दिसताच आम्ही तिच्या पुढ्यात गळ टाकला. मासा पाण्यावरील बोयास हलकेच टोचतो. कधी एकदा, कधी तीनदा, फार तर चारदा. पाचव्या वेळी तो गळ गिळतोच. पहिल्याच टोचणीस हात उचलणारा मासा गमावतो, आणि तीस वर्षे मुलांस धीराचे पाठ देणाऱ्या आम्ही दोन मासे तसेच गमावले. तिसरा साडेदहाच्या सुमारास लागला. त्या क्षणाचा आनंद हातचलाखीचा नव्हता. चार महिने दार उघडे होते आणि ते मिटण्याआधी आपण आत पोचलो, याचा होता. प्रतीक्षा हाच येथील रस आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. यंत्रातील घड्याळ पुढे सारले तर डिसेंबर आजच आणता येतो आणि अनेकजण तसे करतात. शेवटचे प्रकरण आधी वाचणाऱ्या वाचकासारखाच हा प्रकार, असे म्हणून आम्ही त्यांस दोष देणार होतो. परंतु विचारांती तो निर्णय आम्ही सौम्य केला. काही मासे सकाळी नऊ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत मिळतात. ज्या कष्टकऱ्याचा तो सारा वेळ कामावर जातो, त्याने काय करावे? कृतीने आपल्या काळाशी बांधून घेतले की आपली विषमताही तिच्यात शिरते. ज्यास सवड आहे, त्याचाच ऋतू. तेव्हा घड्याळ फिरवणाऱ्यास अप्रामाणिक म्हणण्यापूर्वी त्याची दिनचर्या विचारावी. मात्र फिरवलेल्या घड्याळाने मिळालेला मासा तोच असला, तरी त्यामागची वाट नाहीशी झालेली असते, हेही खरे.

या संदर्भात 'स्टारड्यू व्हॅली' या २०१६ च्या खेळाशी तुलना उद्बोधक ठरेल. एरिक बॅरोन या एकट्या अमेरिकन कारागिराने तो रचला. त्यातील प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. पण ते दिवस खेळाचे, आपले नव्हेत. एका बैठकीत पुष्कळ दिवस उलटतात. तेथे पाच दंतकथारूप मासे आहेत. त्यांतील 'लेजंड' हा वसंतात, पावसात, डोंगरातील तळ्यातच मिळतो. तो ओढून काढण्यास कौशल्य लागते आणि खेळणाऱ्यास या पाचांतील प्रत्येक मासा एकदाच धरता येतो. म्हणजे तेथे पराक्रमास महत्त्व, येथे सबुरीस. परंतु एका बाबतीत 'स्टारड्यू' अधिक प्रामाणिक आहे. त्याचा अपूर्व मासा धरला की तो संपतो. 'न्यू होरायझन्स'चा दुर्मिळ मासा कधीच संपत नाही.

आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. बेटावर एक संग्रहालय आहे आणि ब्लेदर्स नावाचे विद्वान घुबड त्याचे अध्यक्ष आहे. प्रत्येक जातीचा एकच मासा ते स्वीकारते आणि विचारल्यास त्याची माहितीही सांगते. दुसऱ्या माशास तेथे जागा नाही. त्याची सहज सुचणारी वाट दुकानाची. साध्या सी बासचे तेथे ४०० बेल मिळतात, तर स्ट्रिंगफिशचे १५,०००. त्या रात्री अकराच्या पुढे दुसरा स्ट्रिंगफिश लागला. आम्ही तो विकला, घराच्या कर्जात भरणा केला आणि लगेच तिसऱ्या सावलीचा शोध सुरू केला. तासाभरापूर्वी जे दुर्लभ दर्शन होते, ते उत्पन्नाचे साधन झाले.

स्ट्रिंगफिश हा काल्पनिक मासा नव्हे. जपानी भाषेत त्यास 'इतो' म्हणतात. होक्काइदो, साखालिन आणि रशियाच्या अतिपूर्व किनाऱ्यावरील नद्यांत तो राहतो, प्रौढ होण्यास कित्येक वर्षे घेतो आणि आज तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींत गणला जातो. त्याचे दुर्मिळपण महिन्यामुळे आलेले नाही. मासेमारीने आणि नद्यांच्या बिघाडाने आले आहे. खेळातील दुर्मिळपणास मात्र वेळापत्रक हे एकच कारण. घुबड काहीही सांगो, नदीच्या कानी ते जात नाही. कितीही मासे काढले तरी पुढच्या डिसेंबरात ती तितकेच देते.

हा खेळ आहे, मत्स्यशास्त्राचे क्रमिक पुस्तक नव्हे, असे कोणी म्हणेल. ते मान्य करूनही आम्ही विचारतो की, ज्या कृतीने स्वतःच संग्रहालय उभारले आणि ऋतूची शिस्त घातली, तिने त्या शिस्तीचे कारण का सांगू नये? गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण; माशांच्या विणीचा तो काळ असतो हे दुसरे. तेथील प्रतीक्षेत माशाचाही वाटा आहे. आपण थांबतो, म्हणून तो वाढतो. खेळातील प्रतीक्षा केवळ धरणाऱ्याची आहे. थांबल्याने माशाचे काहीच बरे होत नाही.

एवढे उणे दाखवूनही ही कृती आम्ही शिक्षकबंधूंच्या नजरेस आणू इच्छितो. घाईने ग्रासलेल्या मुलांस तिने 'अजून वेळ झालेली नाही' हे वाक्य न रागावता ऐकण्याची सवय लावली, ही सामान्य गोष्ट नव्हे. ते वाक्य का ऐकावे, हे सांगण्याचे काम मात्र तिने आपल्यावर सोडले आहे. १ डिसेंबरला दुपारी चार वाजता आम्ही पुन्हा त्या कड्यावर जाऊ. मुले शेजारी बसतील, तेव्हा होक्काइदोच्या नद्यांची हकीकत त्यांस सांगू. मग गळ टाकायचा की नाही, ते त्यांनी ठरवावे.