एका माइकसमोर पाच जण

पेपर वाचून प्रयोग कळतो का? अर्धवट कळतो. रेकॉर्डिंग ऐकून मैफल कळते का, याचंही उत्तर मला आता तसंच वाटतं. कारण सांगते.

गेल्या महिन्यात लॅबमधल्या मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून क्लब पासिमला गेले. बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये, हार्वर्ड स्क्वेअरजवळच्या पामर स्ट्रीटवर हे तळघर आहे. १९५८ साली ‘क्लब ४७’ या नावाने दुसऱ्या रस्त्यावर ते सुरू झालं. जोन बाएझ प्रसिद्ध होण्याआधी तिथेच गायची. आजही शंभरेक माणसं आली की जागा भरते. आम्ही स्टेजपासून इतक्या जवळ बसलो होतो की बास वाजला की टेबलावरचं पाणी थरथरायचं.

कार्यक्रम ब्लूग्रासचा होता. बिल मनरो हा केंटकीचा मँडोलिनवादक. केंटकीचं टोपणनाव ब्लूग्रास स्टेट, म्हणून त्याच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज आणि त्यावरून या संगीताचं नाव. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत त्या बँडमध्ये आला आणि आज ओळखतो तो ब्लूग्रासचा आवाज तयार झाला. यात बहुधा ड्रम नसतो. ठोका बास धरतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये मँडोलिनवाला तारा दाबून ‘चक्’ असा कोरडा आवाज काढतो.

आता फिजिक्स. बँजोची घोडी ताणलेल्या पातळ पडद्यावर टेकलेली असते. तारेची ऊर्जा पटकन हवेत जाते, त्यामुळे आवाज मोठा येतो आणि लगेच विरतो. गिटारचा सूर जास्त रेंगाळतो. रिकामी जागा भरायची तर सूर भराभर वाजवायला हवेत. आठ सुरांत ३+३+२ अशी वाटणी केली की जोर सरळ ठोक्यावरून सरकतो. तबला ऐकत वाढलेल्या कानाला ही गंमत लगेच कळते.

पण खरी बघण्याची गोष्ट होती मधला एकुलता एक माइक. १९४० च्या दशकात रेडिओवर असंच वाजवायचे, आणि हा बँडही तसंच वाजवत होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे गणित बिघडतं, पण माइकच्या अगदी जवळ ते बऱ्यापैकी लागू पडतं. म्हणजे ३० सेंटिमीटरवरून ६० वर गेलात की मिक्सिंग झालं! ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे मागे. हेडफोनवर हे काहीच दिसत नाही.

आता तक्रार. पूर्वार्धात हेच जमलं नाही. एकामागून एक सगळ्या चाली वेगात, जणू शर्यत लागली होती. बँजोवाल्याचा हात अफाट तयार, पण स्वतःची पाळी संपली तरी तो माइकपासून हलेना. गाणारी बाई पुढे यायची आणि तिचे शब्द बँजोखाली दबायचे. टाळ्या मात्र त्यालाच सगळ्यात जास्त. मीही वाजवल्या.

मध्यंतरानंतर त्यांनी तीन मात्रांचं एक संथ गाणं घेतलं. तिघांनी डोकी जवळ आणून गायला सुरुवात केली आणि बँजोवाला दोन पावलं मागे सरकला. अधूनमधून एखादाच सूर टाकत राहिला. त्या चार मिनिटांत पाचही वाद्यं मला पहिल्यांदा वेगवेगळी ऐकू आली. माझ्या मते त्या संध्याकाळचं सर्वांत चांगलं बँजोवादन तेच, आणि त्याला टाळ्या सगळ्यात कमी.

घरी जाताना मला ओशाळल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात ग्रुप मीटिंगमध्ये मी २० मिनिटं एकटी बोलले होते. माझा ज्युनिअर शेजारी बसला होता. ज्या कॅलिब्रेशनवर माझे सगळे ग्राफ उभे आहेत, ते त्याने चार महिने खपून केलंय. मी शेवटच्या स्लाइडवर त्याचे आभार मानले आणि खाली बसले. माझी पाळी कधीच संपली होती, पण मी माइकपासून हलले नव्हते.

पुढच्या मीटिंगला कॅलिब्रेशनचा भाग त्याने सांगितला. तो अडखळला, वेळही जास्त गेला. पण एररबारवर असा एक प्रश्न आला की त्याचं उत्तर मला देताच आलं नसतं. त्याने दिलं.

रिसर्चमध्ये यायची तयारी करताय ना? लॅब निवडताना पेपर वाचाच, पण जमलं तर तिथल्या एका ग्रुप मीटिंगला मागे जाऊन बसा. कोण बोलतंय हे दिसेलच. कोण कधी मागे सरकतंय, तेही बघा.