आफ्टरमॅथ : कापणीनंतर उगवणारा शब्द

‘आफ्टरमॅथ’ हा इंग्रजी शब्द आपल्याला भेटतो तो बहुधा पडझडीच्या बातमीत. दंगल, पूर, भूकंप यांच्यामागून तो येतो आणि आपण ‘दुष्परिणाम’ असा अर्थ लावून मोकळे होतो. त्याचं मूळ मात्र शेतात आहे. यातल्या ‘मॅथ’चा गणिताशी संबंध नाही, ‘मॅथ’ म्हणजे गवताची कापणी. पहिल्या कापणीनंतर त्याच मुळांतून पुन्हा वर येणारं गवत, हा या शब्दाचा सोळाव्या शतकातला अर्थ. पुढच्या शतकात तो संकटांच्या मागे जाऊन बसला.

धाराशिवच्या ऊस उत्पादकाला हे वेगळं समजावायला नको. तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, खत-पाणी द्यायचं. मग खोडव्याला फुटवे येतात. एखादं बेट मेलेलं असेल तर तिथे नांगी, म्हणजे रिकामी जागा, पडते. फुटवा आणि नांगी एकाच सरीत दिसतात. या शब्दाची श्रीमंती मला त्यातच दिसते.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची मिरवणूक आटोपून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. पहाटे तीन छप्पन्नला किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्यांवर कोसळलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. बातमीतला ‘आफ्टरमॅथ’ इथे संपतो. गावातला इथून सुरू झाला.

बावन्न गावं नव्या जागी वसली. रस्ते रुंद आणि सरळ झाले, घरं मजबूत झाली. पण भिंतीला भिंत लावून जपलेला शेजार विरळ झाला. शेकडो मुलं शिकायला पुण्याला गेली. जी गावं जागेवरच राहिली, तिथल्या घरदुरुस्तीच्या कामात बाया ‘संवाद सहायक’ म्हणून उतरल्या. भिंतीची मजबुती, अनुदान, सरकारी कागद यांवर त्या चारचौघांत बोलू लागल्या. पुढे बचत गट आणि शेतीतही त्यांचा शब्द चालू लागला. हे फुटवे खरे. गेलेल्या माणसांच्या नांग्या मात्र कुठलंही पुनर्वसन भरू शकलं नाही.

म्हणून हा शब्द वापरताना घाई करू नये. पहिल्या आठवड्याच्या ढिगाऱ्याला तो लावला की त्याचं निम्मं आयुष्य कापलं जातं. खोडव्यालाही खत-पाणी लागतं. कोसळलेल्या गावांकडे वर्षानुवर्षं लक्ष द्यावं लागतं, ही जबाबदारी या शब्दाच्या पोटातच आहे.