चळवळीतला माणूस आणि त्याची तसबीर

मंडळी, आजचा विषय वरवर सोपा आहे. समाजासाठी झगडलेल्या माणसाचं चित्र काढायचं, भिंतीला लावायचं, जयंतीला हार घालायचा. हे आपण सगळेच करतो. त्या चित्राकडे चित्र म्हणून मात्र क्वचितच बघतो. बोलतोय चिंचोटीत, पण सुरुवात दिल्लीपासून करू आणि मग आपल्या जिल्ह्यात परत येऊ.

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात गांधीजींचं तैलचित्र लागलं २८ नोव्हेंबर १९४७ रोजी. ऑस्वाल्ड बर्ली या ब्रिटिश चित्रकाराने काढलेलं. स्वातंत्र्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. आता बाबासाहेबांचं बघा. झेबा अमरोहवी यांनी काढलेल्या त्यांच्या चित्राचं तिथे अनावरण झालं १२ एप्रिल १९९० रोजी. ज्या सभागृहात घटना समिती बसली, तिथेच मसुदा समितीच्या अध्यक्षाचं चित्र यायला त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तेहतीस वर्षं लागली. चित्र कुणाचं लावायचं हा कलेचा प्रश्न आहे, असं कुणी सांगितलं तर त्याला या दोन तारखा दाखवा.

बरं, तोवर लोक थांबले होते का? मुळीच नाही. बाबासाहेबांची छापील तसबीर वस्तीवस्तीत कधीच पोचली होती. निळा सूट, टाय, खिशाला पेन, हातात संविधान. याला ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून नाक मुरडणारे जाणकार आहेत. आम्हाला ते पटत नाही. ज्यांनी नीटनेटका कपडा घातला म्हणून मार खाल्ला, त्यांच्या घरातला तो सूट म्हणजे नुसता पोशाख नाही. तो जबाब आहे. साइनबोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांना हे कळलं, आणि त्यांनी ते भिंतीभिंतींवर रंगवलं.

आमची तक्रार वेगळी आहे. नकलेची नक्कल होत जाते तसा चेहरा गुळगुळीत होत जातो. सावित्रीबाई घ्या. दर नव्या छपाईत रंग थोडा उजळतो, गाल भरतात, डोळे शांत होतात. १८४८ पासून मुलींना शिकवताना शेणाचे गोळे झेललेली, १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेलेली ही बाई. तिच्या चेहऱ्यावर थकवा नाही, चीड तर नाहीच. देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीशेजारी सहज खपून जाईल असा चेहरा! भांडण पुसून टाकलं की हार घालायला सगळेच तयार होतात. ज्यांच्याशी ती भांडली, त्यांचे वारसही.

आता आपल्याकडे येऊ. १९४५ साली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली. २३ मेची झरीची सभा, गोदावरी परुळेकर, लाल बावटा हे तुम्हाला ठाऊक आहे. गोदूताईंचे फोटो आहेत, ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक आहे. त्यांचं व्यक्तिचित्र कुणीही चांगला चित्रकार करू शकेल. पण त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. पाच आदिवासी मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड. त्यांचं काय करायचं? तसबीर बहुतेक वेळा फोटोवरून होते, आणि वेठबिगाराचा फोटो कोण काढून ठेवणार होतं?

काही जण म्हणतात, कल्पनेने रंगवा. आपण राजांचे चेहरे नाही का कल्पनेने रंगवत? आमचं मत विरुद्ध आहे. राजाला काल्पनिक चेहरा दिल्याने त्याचं काही जात नाही. ज्याची जमीन, श्रम, लग्नसुद्धा दुसऱ्याने ठरवलं, त्याचा चेहराही दुसऱ्यानेच ठरवायचा?

मग वारली चित्र? तेही इथलंच. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, दोन त्रिकोणांचा माणूस, डोक्याला नुसता गोल. लग्नाचा चौक बायका लिहीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ते चित्र कागदावर आणि जगभर नेलं. तारप्याभोवतीच्या फेऱ्यात कुणी एकटा मोठा होत नाही. चळवळ दाखवायला याहून नेमकी आकृती आम्हाला सुचत नाही. अडचण एकच. त्या फेऱ्यात जेठ्या कुठला, हे सांगता येत नाही. नाव लिहावंच लागेल.

अमेरिकेतल्या मेन राज्यातले रॉबर्ट शेटर्ली २००२ पासून असं करताहेत. अन्यायाविरुद्ध बोललेल्या माणसांची त्यांनी दोनशेहून जास्त व्यक्तिचित्रं केली, आणि प्रत्येकाचे शब्द त्या चित्राच्या रंगातच कोरले. चित्रं विकत नाहीत, शाळांमधून फिरवतात. चित्रकलेच्या कसोटीवर ती सगळी सारख्या ताकदीची नाहीत. पण शब्द चेहऱ्याला गुळगुळीत होऊ देत नाहीत, हा फायदा मोठा आहे. आपल्याकडे विक्रोळीचे विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळ रंगवताना पुढाऱ्याइतकीच गर्दी मन लावून रंगवतात. तीही एक वाट आहे.

आमच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट आहे: बैठक. चित्रकारासमोर तासन्‌तास बसायचा मान पूर्वी संस्थानिकांना होता, शेठजींना होता. दुसऱ्या माणसाने आपल्याकडे इतका वेळ नीट पाहावं, हा सन्मान चित्र पुरं होण्याआधीच मिळतो. कामण-चिंचोटीकडच्या पाड्यांवर वनहक्काच्या दाव्यासाठी कचेरीच्या खेपा घालणाऱ्या बाया आज हयात आहेत. त्यांच्याकडे अधिकारी मान वर करून बघत नाही. चित्रकाराने त्यांच्यासमोर बसावं, फोटो काढून पळू नये. रंग पुरा सावळा लावावा. कुठले शब्द लिहायचे ते त्यांना विचारावं. आणि हो, बसण्यात त्यांचा रोज बुडेल, तो आधी हातावर ठेवावा.